ठोका पुढे द्या

१

तिसऱ्या मजल्यावर इंटरनेट होतं, हे खरं. पण ते नळाच्या पाण्यासारखं होतं. वरच्या अंगाला कुणी बादली लावली की खालच्यांनी बोंबलत बसायचं. विद्यापीठाने होस्टेलच्या अख्ख्या मजल्याला एकच वायर दिली होती. ती जिन्याजवळच्या पहिल्या खोलीत पोचली आणि विद्यापीठ आपल्या कर्तव्यातून मोकळं झालं. पुढची सोय पोरांनी केली. कुणाच्या तरी मामाचं ड्रिल मशीन आणलं, भिंतीला भोक पाडलं, वायर शेजारच्या खोलीत सरकवली, तिथे लुकलुकत्या दिव्यांची एक डबी बसवली आणि पुढच्या भिंतीला पुन्हा भोक पाडलं. अशी ती वायर भिंतींच्या पोटातून पार शेवटच्या खोलीपर्यंत गेली.

कारभार पहिल्या खोलीतल्या मुलाकडे होता. त्याला सगळे मुकादम म्हणत आणि त्यालाही ते आवडे. नेट मंदावलं की मुकादम आपल्या खोलीतून शेजारच्या भिंतीवर एक ठोका द्यायचा, बोटांच्या पेरांनी, खणखणीत. ठोका ऐकणाऱ्याने जे काही उतरवत असेल ते थांबवायचं, दोन हलक्या टिचक्या परत द्यायच्या, म्हणजे 'थांबलो', आणि ठोका पुढच्या भिंतीला द्यायचा. ज्याच्याकडून टिचक्या येत नाहीत तो चोर. तीनदा ठोकूनही तो बधला नाही, तर त्याच्या शेजाऱ्याने स्वतः उठून जायचं आणि त्याच्या कॉम्प्युटरची वायर उपसायची. त्यावर कुणी हूं की चूं करायचं नाही. विद्यापीठाचे नियम त्या मजल्यावर कुणालाच पाठ नव्हते, पण हा सगळ्यांना होता.

शेवटच्या खोलीत राहणाऱ्या मुलाला ओघानेच शेपूट म्हणत. त्याला ते नाव मुळीच आवडत नसे. आधीची वर्षं त्याने मधल्या एका खोलीत सुखाने काढली होती. टोकाला तो यंदाच आला होता, आणि तोही काकांपायी, त्यांच्या खोलीत राहायला.

२

काका कुणाचेच काका नव्हते. ते होस्टेलवर आले तेव्हा शेपूट शाळेत बाराखडी सोडून नुकताच पुढे सरकला असेल. काकांच्या बरोबरीचे लोक शिकून, नोकरीला लागून, टक्कल पडून आता त्यांनाच शिकवायला येत होते. टक्कल काकांनाही पडलं होतं, तेवढं एक त्यांनी वेळेवर उरकलं होतं. डोकं मात्र असं की मास्तरांनी अडलं तर त्यांना विचारावं. पण काका बसले की बसले. परीक्षेला जायचं म्हणजे खुर्चीवरून उठावं लागतं, आणि तिथेच घोडं अडायचं. शेजाऱ्याची वायर काढायची पाळी आली, तरी काका स्क्रीनवरची नजर न हलवता म्हणत, "शेपट्या, जा रे जरा." त्यांच्या डाव्या चपलेचा पट्टा तुटला होता आणि तो त्यांनी नेटच्या निळ्या वायरीने बांधला होता. मोची फाटकाबाहेर बसत असे, एवढ्या लांब कोण जाणार!

यंदा विद्यापीठाने काकांना सांगून टाकलं होतं, ही शेवटची संधी. प्रोजेक्ट दिला नाही तर पदवी विसरा आणि खोली रिकामी करा. दोघांनी मिळून प्रोजेक्ट घेतला होता: मधमाश्यांच्या गुणगुणण्यावरून पोळ्याची तब्येत ओळखणारा प्रोग्राम. त्यासाठी ढीगभर आवाज ध्वनिमुद्रित केले होते आणि तो सगळा ढीग विभागाच्या कॉम्प्युटरवर नेटवरूनच पाठवायचा होता.

शेपटाचं म्हणाल तर तो दुसऱ्या कुणाबरोबरही पास झाला असता. पण पहिल्या वर्षी तो घरच्या आठवणीने हमसून रडत होता, तेव्हा काकांनी एक अक्षर न विचारता आपली गोधडी त्याच्या अंगावर टाकली होती आणि रात्रभर गणितं समजावली होती. शेपटाचा काकांवर जीव होता. काकांना पदवी मिळावी असं त्याला काकांहून जास्त वाटत होतं.

३

एका दुपारी शेपूट जेवून आडवा झाला होता. कॉम्प्युटरवर एक गाणं रांगत रांगत उतरत होतं. डाव्या भिंतीवर ठोका पडला. त्याने अर्धवट झोपेतच हात लांब करून गाणं थांबवलं, डाव्या भिंतीला दोन टिचक्या दिल्या, कूस बदलली आणि उजव्या भिंतीला ठोका दिला. मधल्या खोलीत मुरलेला हात तो. पुढे आता कुणी नाही, हे त्या हाताला कुणी सांगितलंच नव्हतं.

उजव्या भिंतीतून दोन हलक्या टिचक्या आल्या.

शेपूट समाधानाने घोरू लागला. उठल्यावर त्याने गाणं पुन्हा लावलं, तर ते डोळ्याचं पातं लवायच्या आत उतरलं. वा! त्याने दुसरं लावलं. तेही उतरलं. तिसरं लावताना त्याचा हात माऊसवरच थांबला आणि तो हळूच वळून उजव्या भिंतीकडे बघत राहिला.

मग त्याने खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढून बघितलं. उजव्या भिंतीच्या बाहेर काही नव्हतं. खाली तीन मजले हवा, तिच्या तळाशी सायकलींच्या शेडचे पत्रे, आणि पत्र्यावर कुणाचा तरी वाळत घातलेला, उडून गेलेला बनियन.

४

"पाईप," काका म्हणाले.

"त्या भिंतीत पाईप नाही, काका."

"मग कबूतर."

"कबूतर मोजून दोनच टिचक्या देतं?"

"विद्यापीठात राहतं. शिकलं असेल."

पण काकांचा स्वभाव शास्त्रीय होता, शिवाय मधमाश्यांचा माईक खुर्चीवरून हाताला लागत होता. त्यांनी तो भिंतीला चिकटवला आणि शेपटाला ठोकायला सांगितलं. शेपटाने ठोकलं. टिचक्या आल्या. दोघांनी स्क्रीनवर आवाजाचा आलेख बघितला. आधी शेपटाच्या ठोक्याचा मोठा डोंगर. त्याच्यामागे टिचक्यांची दोन टेकाडं. मग कानाला ऐकू न आलेला एक छोटा डोंगर. मग आणखी छोटा. मग त्याहून छोटा, सारख्या अंतराने, थेट स्क्रीनच्या कडेपर्यंत.

"प्रतिध्वनी," काका म्हणाले.

शेपटाने आलेख मोठा केला. प्रत्येक डोंगरामागे दोन टेकाडं होती. कुणीतरी ठोका घेत होतं, 'थांबलो' म्हणत होतं आणि पुढे देत होतं. ठोका पुढे पुढे चालला होता.

काकांनी माईक काढून मधमाश्यांच्या डब्यात ठेवला आणि डबा लावून घेतला.

मुकादमाला बोलावलं. जगातल्या कुठल्याही बिघाडावर मुकादमाचं एकच निदान असे, कनेक्शन लूज आहे. त्याने कपाट सरकवलं. कपाटामागे दिव्यांच्या डबीतून एक निळी वायर निघून उजव्या भिंतीतल्या भोकात शिरली होती.

"ही मी टाकलेली नाही," मुकादम म्हणाला. "जुन्या पोरांचे उद्योग असणार. पलीकडे लोंबत असेल नुसती."

त्याने वायर ओढली. ती हातभर बाहेर आली आणि ताठ झाली. मुकादमाने आणखी जोर लावला. तेव्हा वायर त्याच्या मुठीतून सावकाश, अजिबात न हिसकता, जेवढी आली होती तेवढी परत आत गेली.

मुकादमाने आपला तळवा उलटसुलट करून बघितला.

"लूज आहे," तो म्हणाला, आणि त्याला अचानक एका तासाची आठवण झाली. मुकादमाला दुपारच्या तासाला जाताना मजल्याने त्या दिवशी प्रथमच पाहिलं.

५

भीती वाटली म्हणून माणूस भीतच बसत नाही. त्यातून नेट वेगात मिळत असेल तर मुळीच नाही. हळूहळू त्या खोलीचा परिपाठच पडला: अडलं की उजवीकडे ठोका द्यायचा, टिचक्या घ्यायच्या आणि काम उरकायचं.

"शेजार उत्तम आहे," काका म्हणत. "एका ठोक्यात ऐकतो. डावीकडच्या कार्ट्यांनी कधी ऐकलंय?"

"पण काका, ते लोक तिकडे उतरवतात तरी काय?"

"आपण काय उतरवतो, हे त्यांनी विचारलंय? नाही ना? मग आपणही मर्यादा पाळावी."

हे बरोबर होतं. तरी शेपूट आता पलंगावर उजव्या भिंतीकडे पाठ करून झोपत नसे. तोंड करूनही झोपत नसे. तो उताणा झोपायचा आणि एकदा, भर सकाळी, त्याला पलीकडून स्पष्ट ऐकू आलं: खुर्ची करकरली आणि कुणीतरी जांभई दिली. जांभई ओळखीची वाटली. जांभया सगळ्यांच्या सारख्याच असतात, असं त्याने स्वतःला समजावलं आणि चादर डोक्यावर ओढली.

६

प्रोजेक्ट पाठवायचा दिवस उजाडला. मुदत संध्याकाळपर्यंतची. काकांच्या आईचा रोज सकाळी फोन येई, "उठलास का?" म्हणून. आज तिने विचारलं, "झालं का?" काकांनी "होईल" म्हणून फोन ठेवला.

मुकादमाने फर्मान काढलं होतं: आज काकांसाठी लाईन मोकळी, कुणी हात लावायचा नाही. आणि त्या मजल्यावरच्या नाठाळ पोरांनी खरोखर आपापले कॉम्प्युटर बंद करून ठेवले. डावीकडे सगळं चिडीचूप होतं. तरी स्क्रीनवरची हिरवी पट्टी अर्ध्यावर येऊन जी थांबली, ती हलायला तयार नाही.

काकांनी उजव्या भिंतीकडे बघितलं. शेपटाने ठोका दिला.

टिचक्या आल्या नाहीत.

त्याने दुसरा दिला. पट्टी जागची हलली नाही. तिसरा त्याने इतक्या जोरात दिला की बोटाचं साल निघालं. भिंत गप्प. आजवर शहाण्यासारखा वागलेला शेजारी आज नेमका बधत नव्हता.

"शेपट्या, जा रे जरा," काका स्क्रीनकडे बघत म्हणाले. मग काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं.

"कुठे जाऊ, काका? खाली सायकली आहेत."

"खरंच की." काकांनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता. "बस तू. जाऊ दे. मला काय, सवय आहे. आईला तेवढं कसं सांगायचं, ते बघू."

ते त्यांनी इतक्या साधेपणाने म्हटलं की शेपटाला तिथे बसवेना. तो उठला आणि मोकळ्या हवेत उभं राहावं म्हणून दार उघडून बाहेर आला.

त्यांच्या दारापुढे मजला संपत होता. तिथे एक कायमची बंद खिडकी होती आणि खिडकीखाली फरशी पुसायची बादली. बादली आजही होती. खिडकीच्या जागी दार होतं. साधं, पोपडे आलेलं, मजल्यावरच्या बाकी दारांसारखंच. दारापुढे चपला. उजव्या चपलेचा पट्टा तुटलेला आणि निळ्या वायरीने बांधलेला.

काकांची तुटलेली चप्पल डावी होती, हे शेपटाला आठवलं. परत फीर, असं डोकं सांगत होतं. पण तीन ठोके झाले होते. नियम होता. आणि आत काका आईला काय सांगायचं ते जुळवत बसले होते. शेपटाने दार ढकललं.

७

आत खोली होती. त्यांच्यासारखीच, फक्त पलंग या अंगाला आणि टेबल त्या अंगाला. टेबलापाशी पाठमोरं एक टक्कल बसलं होतं. समोर हिरवी पट्टी शेवटाला आलेली, चिमूटभर राहिलेली.

पाठमोरा माणूस वळला नाही. पाऊल वाजल्याबरोबर त्याने नुसता हात वर केला.

"आलास का, बाबा? ये. नियम आहे, कबूल. पण दोनच मिनिटं थांब. वर्ष जाईल माझं."

शेपूट खाली वाकला. वायर त्याच्या हातात आली. अंगठ्याने खटका दाबायचा आणि ओढायचं, एवढंच काम. पण त्याच्याने ते होईना. त्याने काही फार विचार केला असंही नाही. काकांनी गयावया केली की त्याला नाही म्हणता येत नसे; मग ते काका कुठले का असेनात.

तो वायर धरून ओणवा उभा राहिला. पट्टी भरली. समोरच्या माणसाने मोठा सुस्कारा सोडला आणि हात लांब करून बाजूच्या भिंतीला दोन हलक्या टिचक्या दिल्या. थांबलो.

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग त्या भिंतीपलीकडून आरोळी उठली.

"गेलं! शेपट्या, गेलं रे! पोचलं सगळं! झालो मी पास!"

शेपटाला हसू फुटलं. डोळ्यांत पाणीही आलं. काकांचा आवाज इतका कोवळा त्याने कधी ऐकला नव्हता.

तेव्हा समोरची खुर्ची करकरली आणि तो माणूस वळला. शेपटाने एकदाच त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि नजर खाली, फरशीवर नेली.

"माझंही गेलं रे!" ते काका म्हणाले आणि त्यांनी डाव्या हाताने त्याचा खांदा धरला. "कुठे तडमडला होतास इतका वेळ, मुंड्या?"

८

"मुंड्या?"

"मग? पहिल्या खोलीत राहतोस, मुंडी नाही म्हणणार तर काय म्हणणार? की आता ते नावही आवडेनासं झालं?"

शेपूट धडपडत बाहेर आला. बादली होती. बादलीच्या पुढे, जिथे त्याची खोली असायला हवी, तिथे भिंत होती. नवी नव्हे. जुनाट, चुन्याची, कॅलेंडरचा खिळा ठोकलेली. दुसऱ्या अंगाला दारं होती. दारं आणि दारं, आणि प्रत्येक दारापुढे चपला, आणि प्रत्येक जोडीत एक पट्टा वायरीने बांधलेला. जिना कुठेच दिसेना.

तो परत आत आला आणि मधल्या भिंतीला कान लावला. पलीकडे काका गुणगुणत होते. "शेपट्या, कुठे गेलास रे? चहा तरी सांग."

"काका!" शेपूट जिवाच्या आकांताने ओरडला.

"ओरडतोस काय?" पाठीमागून उत्तर आलं. "इथेच तर आहे मी."

त्याने भिंतीवर ठोका दिला. पलीकडून दोन टिचक्या आल्या आणि मग काकांचा आवाज, स्वतःशीच, पण थोडा घाईने: "पाईप."

शेपटाने भिंतीवरून हात काढला. तो शेपूट होता, हे नाव त्याला हवं होतं, दिवसातून शंभर वेळा हाक मारली तरी चाललं असतं. रडू आवरून तो विचार करू लागला, आणि त्याला नियम आठवला.

तीन ठोके. मग शेजाऱ्याने स्वतः यायचं.

त्याने टेबलाशी बसून माऊस ओढून घेतला आणि जे दिसेल ते उतरवायला लावलं. गाणी, सिनेमे, कुठल्याशा ग्रंथालयाची सगळी पुस्तकं, परक्या भाषांचे शब्दकोश. दिव्यांची डबी वेड्यासारखी लुकलुकू लागली. हे काका पलंगावर बसून कौतुकाने बघत होते. पलीकडे ते काकाही आनंदात गाणी उतरवत असणार, हे शेपटाला पक्कं ठाऊक होतं. पास झाल्यावर ते दुसरं काय करणार!

भिंतीवर ठोका पडला.

शेपटाने हात मांडीखाली दाबून धरले. टिचक्या दिल्या नाहीत.

दुसरा ठोका. जरा जोरात. "अरे, थांबव की रे!" पलीकडून काका कुरकुरले.

तिसरा ठोका पडला तेव्हा भिंतीचा चुना उडून शेपटाच्या केसांत पडला. तो उठून उभा राहिला. दार उघडं आहे ना, ते बघून आला. पलीकडे खुर्ची करकरली. काका उठत होते. इतक्या वर्षांत जे कधी घडलं नाही, ते काका त्याच्यासाठी करत होते. शेपटाने डोळे पुसले, केस झटकले आणि दाराकडे तोंड करून उभा राहिला.

"शेपट्या," भिंतीपलीकडून काकांचा आवाज आला, "आलास की आधी पलीकडे जा रे जरा. त्याची वायर काढून ये."

मग पलंगाच्या स्प्रिंगा वाजल्या आणि काकांनी एक लांबलचक जांभई दिली.